‘चाळीस-भोपळा’चा बडग्या

धंतोली, नागपूर
१४ जुलै १९८१

सौ. अरुंधतीबाईंना,

सप्रेम नमस्कार घालावा असं मनात नाही, म्हणून घालत नाही. दादरच्या घरात देव्हारा असेल तर नमस्कार त्यातल्या देवांना पोचव.

अभिनंदन मात्र करते. तुमच्या साप्ताहिकाचा अंक चंपतमामानं काटोलहून आणून दिला. मामाला टेनिस आणि बॅडमिंटन यांतला फरक कळत नाही, पण सख्ख्या बहिणीचं नाव वाचता येतं. पान उघडून त्यानं माझ्यासमोर धरलं आणि म्हणाला, “पमे, हे आपली पंचफुला तं नाही?”

मी पाहिलं. डोक्यावर संत्र्याची टोपली, नाकात भली मोठी नथ, हातात सुपासारखी धरलेली रॅकेट, अशी एक ढब्बी बाई. वर मथळा ‘पंचफुलाबाईचं टेनिस’. चित्राच्या खाली ठळक टायपात तुझं नाव. माझं नाव कुठंच नाही, आणि त्याचं मला एवढं वाईट वाटलेलं नाही. माझ्या आईचं नाव मात्र जसंच्या तसं आहे. ते बदलायची शाईसुद्धा तुला जड झाली?

तुझे यजमान तिथे उपसंपादक आहेत. त्यांना ठाऊक नसेल म्हणून लिहिते, हे पत्र त्यांना वाचून दाखव. ‘चाळीस-भोपळा’ नावाचं एक चार पानी पत्रक धंतोलीतून निघतं. बाबांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधल्या मराठी मशीनवर मी स्टेन्सिल कापते आणि रविवारी वर्ग बंद असले की सायक्लोस्टाइलवर प्रती काढते. रेडिओवर खरखरत जे ऐकू येतं तेवढ्या भांडवलावर आम्ही जगभरच्या टेनिसची टिंगल करतो. वर्ध्यापासून यवतमाळपर्यंतची माणसं ते वाचतात. त्यांतल्या बहुतेकांनी टेनिसचं कोर्ट उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. महाल भागातला गिरिधर तर प्रत्येक अंकानंतर पोस्टकार्डावर आमच्या चुका कळवतो आणि शेवटी लिहितो, “आईंचं बोलणं वाढवा, तुमचं कमी करा.”

हे पत्रक आपण दोघींनी सुरू केलं, नाकारत नाही. तू मौद्याहून कॉलेजसाठी आलीस, आमच्या मागच्या खोलीत राहिलीस. शून्याला, म्हणजे टेनिसच्या ‘लव’ला, भोपळा म्हणायचं तुला सुचलं. त्या चिडक्या डावखुऱ्या अमेरिकनाला ‘ठेचा’ आणि ढिम्म स्वीडिश खेळाडूला ‘बर्फवाला’ ही नावं तूच दिलीस. पण लोक हसायचे ते आईला. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून मेथी निवडायची, आपण कॉमेंट्रीचं मराठी करून सांगायचो, आणि ती मान वर न करता बोलायची. “लव म्हणजे भोपळा? मंग खरंच बोलून राह्यले थे लोक.” ठेचा पंचाशी भांडला की, “ह्याले लहानपनी कोनी रपाटा नाही देल्ला.” चाळीस-चाळीसच्या बरोबरीचा ड्यूस लांबला की, “हे तं भाऊबंदकीवानी झालं. एक पुढं गेला का दुसरा मांगं वढते.”

आणि आपली एक पद्धत होती. स्टेन्सिल कापण्याआधी सगळा मजकूर आईला वाचून दाखवायचा. ती हसली तर छापायचं. कपाळाला आठी पडली तर ते वाक्य गेलं, मग ते तुझं असो की माझं. याच पद्धतीनं तू लिहायला शिकलीस. तुझ्या कॉलेजच्या निबंधांत विनोद शोधायला कंदील लागला असता.

आता तू काय छापलंस ते सांगते. रेडिओच्या पेटीत बारकी माणसं राहतात असं पंचफुलाबाईला वाटतं. ती कॉमेंट्री करणाऱ्या साहेबाला “जेवले का गा?” म्हणून विचारते आणि पेटीपुढे भाकरी ठेवते. अरुंधती, माझ्या लहानपणापासून हा रेडिओ घरात आहे. त्याचा व्हॉल्व्ह गेला की दुकानात तो आईच घेऊन जाते. बर्फवाला हरत होता तेव्हा तिनं मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेऊन रेडिओची दृष्ट काढली होती हे खरं. पण ते करताना ती स्वतःच इतकी हसत होती की मिरच्या चुलीत पडल्या आणि शेजारचे खोकत बाहेर आले. तू तिथंच होतीस. तूही खोकत होतीस.

मला तुझा भयंकर राग आलेला आहे. समोर असतीस तर झिंज्या उपटल्या असत्या. सध्या एवढंच मागते: हे सदर बंद कर, आणि पुढच्या अंकात छाप की पंचफुला ही एक खरी बाई आहे आणि ती असलं काही बोललेली नाही. आईला मी अंक दाखवलेला नाही.

प्रमोदिनी

*

धंतोली, नागपूर
९ ऑगस्ट १९८१

अरुंधतीबाई,

उत्तर पोचलं. सुगंधी कागदावर लिहिलंस, बरं केलंस. नाहीतर वास आला असता.

“विनोद इतका मनाला लावून घेऊ नये.” “काकूंना मी महाराष्ट्रभर पोचवलं.” “पत्रक दोघींचं होतं, मी माझा अर्धा हिस्सा वापरते आहे.” तुझी ही तीन वाक्यं मी बाबांना वाचून दाखवली. बाबा म्हणाले, “अर्ध्या वाट्यात हिची आई आली का?” बाबा जन्मात कुणाला टोचून बोललेले नाहीत. तुझ्यामुळे तेही शिकले.

सदर बंद झालं नाहीच. उलट मागच्या अंकात पंचफुलाबाई नेटला मासे पकडायचं जाळं समजली. वाचकांची पत्रंही छापलीत. पुण्याच्या एका बाईंना हसून हसून ठसका लागला म्हणे. अजून जोराचा लागावा.

आता आईला कळलेलं आहे. मी नाही सांगितलं. मामेबहीण प्रेमिला, तिच्या साखरपुड्याला आम्ही काटोलला गेलो होतो. जेवणाच्या पंगतीत मुलाकडचे पोट्टे आपसात खुसखुसायला लागले. एकानं विचारलं, “काकू, रेडिओतल्या साहेबाले वरण वाढलं का?” सगळी पंगत हसली. आईही हसली, कारण चार लोक हसले की ती हसते. मग तिनं मामाला विचारलं, आणि मामाच्या पोटात काही राहत नाही. अंक तिनं मागून घेतला आणि परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून सगळा वाचला. चष्मा नव्हता, कागद लांब धरून वाचत होती. स्टँडवर उतरल्यावर म्हणाली, “पमे, मी अशी बोलतो का वं?”

मी म्हटलं, नाही गं आई. ती म्हणाली, “मंग तिले तसं काहून आयकू आलं? चार वर्सं आयकलं तिनं.”

त्या दिवसापासून ती रेडिओपाशी येत नाही. मी मुद्दाम आवाज मोठा करते, ती परसात जाऊन भांडी घासते. घासलेली परत घासते. काही विचारलं तर “मले काय समजते त्यातलं?” या महिन्याचा अंक मी एकटीनं लिहिला. गिरिधरचं पोस्टकार्ड आलं, त्यावर एकच ओळ होती: “आईंची तब्येत बरी नाही का?”

बोलणाऱ्या बाईला तू मुकं केलंस. पत्रक चालो न चालो, ते मशीन बाबांच्या कामाला येईल. आमचं घर मात्र आईच्या बोलण्यावर चालत होतं. मला माझ्या आईचं बोलणं परत पाहिजे आणि त्याच्या बदल्यात तुझी फजिती पाहिजे. दोन्हीपैकी एक तरी मी मिळवणारच.

आणि पेपरात वाचलं ते खरं ना? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नागपुरात ‘पंचफुलाबाई’चा एकपात्री प्रयोग, सादरकर्त्या तूच, नऊवारी नेसून. तारीख कुणी ठरवली? मुंबईला लग्न होऊन गेलीस तरी एवढं विसरायला नको होतंस. त्याच सकाळी या गावात रोगराई-पिडेची पुतळाबाई, मारबत, निघते आणि तिच्यामागून बडग्ये निघतात. भेसळवाला, लाचखाऊ, फसवा पुढारी, ज्यानं वर्षभर लोकांना छळलं त्याचा बांबू-कागदाचा पुतळा होतो, गळ्यात पाटी पडते आणि गावाबाहेर नेऊन त्याला आग लावतात. आपणही दरवर्षी एका टेनिसपटूचा कागदी बडग्या अंकात काढायचो. यंदा खराच काढते. गिरिधरच्या मोहल्ल्यातलं मंडळ दरवर्षी बडग्या करतं, त्याला मी सांगून आले आहे.

सकाळी तू जळशील, संध्याकाळी तुझा प्रयोग होईल. क्रम चांगला आहे.

प्रमोदिनी

*

धंतोली, नागपूर
१ सप्टेंबर १९८१

अरुंधती,

परवा तू मेलनं येऊन हॉटेलात झोपली होतीस, म्हणून सकाळची मिरवणूक तुला दिसली नाही. ती सांगते. तुझ्या समाधानासाठी नाही. हे मला कुणाला तरी सांगायला हवं आणि दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

बडग्याच्या गळ्यातली पाटी मी स्वतः लिहिली होती. ‘दुसऱ्याची जीभ चोरणारी लेखिका’. अंकासाठी मजकूरही तयार होता: मौद्याची मुलगी दादरला जाऊन गावाकडची कशी झाली, कॉलेजच्या स्पर्धेत पहिल्याच सर्व्हिसला पंचाच्या कपाळावर चेंडू कसा मारला, सगळं. आईला वाचून दाखवला नाही. दाखवला असता तर ती हसली नसती, हे मला ठाऊक होतं.

गिरिधरनं मला आधी विचारलं होतं, “त्या बाई दिसतात कशा? पोट्ट्यांनी तोंड कसं काढाचं?” तुझा फोटो माझ्याजवळ नव्हता. होता तो जुलैतच फाडला. मी म्हटलं, तुमच्याकडे ते साप्ताहिक आहे ना, त्यात बघा. माझ्या मनात होतं की प्रयोगाच्या जाहिरातीत तुझा फोटो असेल. जाहिरात आतल्या पानावर होती. पोट्ट्यांनी सदराचं पान उघडलं. चित्राखाली तुझं नाव. आता चित्राखाली ज्याचं नाव तोच माणूस, यात त्यांचं काय चुकलं? त्यांनी ते चित्र समोर ठेवलं आणि आठ हात उंच बाई उभी केली. टोपली, नथ, सुपासारखी रॅकेट, सगळं हुबेहूब. फार मन लावून केलं होतं गं त्यांनी. टोपलीत खरी संत्री ठेवली होती, आंबिया बहाराची, अजून हिरवी.

मी चौकात उभी होते. काळी मारबत गेली, पिवळी गेली, बडग्ये यायला लागले. लांबून मला आधी नथ दिसली. पाटी होती, पण गळ्यात नाही, पोटाखाली बांधलेली, गर्दीच्या डोक्यांमागे बुडाली. लोकांना पाटीची गरजच नव्हती. तुमचं साप्ताहिक नागपुरातही खपतं, त्यासाठी तुझं पुन्हा अभिनंदन. कुणीतरी ओरडलं, “अबे, पंचफुलाबाई!” आणि मग अख्खा चौक ओरडायला लागला. “इडा, पिडा, खासी, खोकला घेऊन जा गे पंचफुला!” नाचून नाचून ओरडत होते. मी पुढे घुसून त्या पोट्ट्यांना सांगायचा प्रयत्न केला. ढोलांत माझा आवाज मला ऐकू येईना. गिरिधरला कळलं तेव्हा तो बिचारा पाटी वर ओढायला धावला, ती फाटली.

आई दरवर्षी मारबत पाहायला येते. यंदाही आली होती, मामाबरोबर, समोरच्या ओट्यावर. मी तिला पाहिलं. ती पळाली नाही, तोंड लपवलं नाही. पदर डोक्यावर घट्ट ओढून तो पुतळा वळणापलीकडे जाईपर्यंत उभी राहिली. मी तिच्याजवळ पोचले तेव्हा तिनं विचारलं, “हे कोनं केलं वं?”

अरुंधती, मी म्हटलं, “त्या अरुंधतीमुळे झालं.”

खोटं आहे का? अर्धं खरं आहे. माझा अर्धा हिस्सा मी वापरला, असं समज. तुला पाहिजे तर आईला कळव. पाकिटावर तुझं अक्षर दिसलं तर ती उघडते की चुलीत टाकते ते मी सांगू शकत नाही.

मला वाटलं, घरी जाऊन ती झोपून राहील. तर चहा पिऊन तिनं इरकली लुगडं काढलं. म्हणाली, “मले तिचं नाटक पाहाचं हाये.” बाबा नको म्हणाले, मी पाया पडले. ती म्हणाली, “आपल्याले जाळलं कायसाठी थे तं पाहू द्या.”

पुढचं तू पाहिलंस. पहिल्या रांगेत आई दिसल्याबरोबर तुझं वाक्य अडखळलं. एका क्षणासाठी मला असं सुख झालं की बस. वाटलं, आता ही पडते. पण तू पक्की. खाली उतरलीस, आईचा हात धरून तिला स्टेजवर नेलंस, पाया पडलीस आणि भर सभेत म्हणालीस, “रसिकहो, ही माझी खरी पंचफुलाबाई!” टाळ्यांनी छप्पर उडायचं राहिलं. कुणीतरी शाल आणली, नारळ आणला. जिला तू विकलंस तिचाच सत्कार करून तू सुटलीस. आणि मी तिथे ओरडून काही बोलले असते तर माझ्याच आईच्या सत्कारात विघ्न आणणारी मी ठरले असते.

तू तिच्यापुढे माईक धरलास. “काकू, दोन शब्द बोला.” आई माईककडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मी काय बोलू? माह्यं सारं तं थेच बोलून राह्यली.”

सगळं सभागृह हसलं. तूही मान मागे टाकून हसलीस. ते ऐकून तुला रडायला यायला पाहिजे होतं.

परतताना रिक्षात मी आईशेजारी बसले होते. शालीची घडी तिच्या मांडीवर. ती एकाएकी म्हणाली, “थे मी नव्हं.”

मी म्हटलं, “काय?”

“मले वाटे मी खरंच तशी बोलत असन. माह्यं मले काय आयकू येते? आज डोयानं पाह्यलं. हात असे वाकडे करते, अन् डोये फिरवते, अन् दर बोलन्यावर थांबते, लोकं हासते का नाही पाहाले. मी कधी थांबतो का वं? मले भाजी निवडाची रायते.” मग हसली. खरंच हसली, पंगतीसारखी नाही. “अन् लुगडं पाह्यलं का तिचं? एक उडी मारली असती तं स्टेजवरच सुटलं असतं.”

तुझ्या प्रयोगानं आई बरी झाली असं कुणी म्हणू शकेल. मी म्हणणार नाही आणि तुझे आभार मानणार नाही. चोर घर लुटून गेला आणि जाताना त्याच्या हातून दार उघडं राहिलं, म्हणून वारा आला, एवढंच.

प्रमोदिनी

*

धंतोली, नागपूर
१० सप्टेंबर १९८१

अरुंधती,

तुझं पाकीट मिळालं. यावेळी कागदाला वास नाही, म्हणजे गरज आहे.

तर तुझं सदर साप्ताहिकाच्या मधल्या पानावर जाणार. त्याचं पुस्तक होणार. नावं दोघींची छापणार, माझं आधी टाकायलाही तू तयार आहेस. फक्त जुना साठा संपत आलेला आहे, तेव्हा अमेरिकेतली स्पर्धा चालू आहे तोवर काकू जे जे बोलतील ते मी टिपून पाठवावं. “तुझ्याशिवाय मला ते जमत नाही, पमे.” हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. इतकं गोड तू कधी लिहिलेलं नाहीस. गिरिधरच्या पोट्ट्यांनी पुतळा चुकीचा केला तेव्हापासून झोपताना डोळ्यांपुढे तोच येतो. काल तुझं हे वाक्य वाचून झोपले, छान झोप लागली.

जमत नाही ना? जमणार नाहीच. नऊवारी भाड्यानं मिळते, नथ मिळते. चार वर्षांत ऐकलेलं तू दोन महिन्यांत खर्चून बसलीस. आता तू स्वतः रचशील. तिच्या तोंडी मासे पकडायचं जाळं घालशील, आणखी काय काय घालशील. एक दिवस ठसका लागलेल्या त्या पुण्याच्या बाईसुद्धा जांभई देतील. मी तुझ्यावर फिर्याद करणार नाही, तुझ्या संपादकाला पत्र लिहिणार नाही. बडग्याचा तो मजकूरही मी फाडून टाकला. तू लिहीत राहा. दर आठवड्याला लिही. प्रत्येक अंक मी विकत घेऊन वाचेन आणि तुझं कसं आटत चाललं आहे ते बघेन.

आई पुन्हा उंबऱ्यात बसते. शाल रेडिओवर घातली आहे, धूळ बसत नाही म्हणे. बोलते, आधीपेक्षा जास्त बोलते, आणि आता मधूनच विचारते, “हे त्या पोट्टीले नाही ना धाडत?” मी शपथ घेते. पत्रकावर आता मी छापते, ‘फक्त ओळखीच्या वाचकांसाठी’. मुंबईचा एकही पत्ता त्यात नाही. दादरहून तुझ्या कुणा चुलत सासूच्या नावानं वर्गणी आली होती, ती परत केली.

परवा संध्याकाळी ठेचाचा सामना होता. पहिल्या सेटमध्ये तो पंचावर असा काही उखडला की कॉमेंट्रीवालाही गप्प झाला. आई कांदा चिरत होती. तिनं मान वर केली नाही. सुरी थांबली नाही. ती जे बोलली त्यानं बाबांच्या हातातला चहा बशीत सांडला आणि बशीतला धोतरावर. बाबा हसता हसता खुर्चीवरून खाली बसले. मला सामन्याचा उरलेला भाग ऐकूच आला नाही. रात्री आठवून मी अंथरुणात हसले, सकाळी स्टेन्सिल कापताना पुन्हा हसले आणि दोन अक्षरं चुकले. इतकं चांगलं ती आजवर कधी बोललेली नाही.

काय बोलली, ते तुला लिहीत नाही.

प्रमोदिनी